स्ट्रॉबेरी ट्री लावायचंय? सुरुवातीपासून सगळं सांगते

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे जे कोणी येतात ते चकली हातात घेऊन मागच्या दारातून बॅकयार्डात डोकावतात आणि दरवर्षी एकच प्रश्न येतो, की अगं हे लाल फळांचं झाड कसलं आणि फळं लागलेली असताना त्याला फुलं कशी काय आलीत. त्या प्रश्नाचं उत्तर दरवेळी उभ्याउभ्या अर्धवट दिलं जातं, मग रोप कुठून आणायचं, कुठे लावायचं, पाणी किती द्यायचं असे फोन वर्षभर येत राहतात, म्हणून यंदा सगळं एकदाच नीट लिहून काढतेय. आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा जो बे एरिया, त्याच्या दक्षिण भागात राहतो, त्यामुळे महिने आणि हवामान इथलं धरलंय, पण इंग्लंड-आयर्लंडला असलेल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

आधी हे झाड काय आहे ते. शास्त्रीय नाव आर्ब्यूटस उनेडो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीशी त्याचं काही नातं नाही, फळ वरून तसं दिसतं एवढंच, त्याचं घराणं ब्लूबेरी आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं. मूळ गाव भूमध्य समुद्राच्या काठचा सगळा पट्टा, म्हणजे पोर्तुगाल, स्पेन, इटली, ग्रीस, आणि गंमत म्हणजे इंग्लंड सोडून थेट आयर्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात किलार्नीच्या तळ्यांच्या काठीही ते जंगलात आपोआप वाढतं. माद्रिद शहराच्या मानचिन्हात अस्वल ज्या झाडाला पुढचे पाय लावून उभं आहे ते हेच झाड, पुएर्ता देल सोल चौकात त्याचा पुतळाही आहे. पानं वर्षभर हिरवीगार, चकचकीत, कडेला बारीक दाते. फुलं पांढरी किंवा हलकी गुलाबी, उलटी टांगलेली इवलीशी मडकीच जणू, घोसाने लोंबतात. त्या फुलाचं फळ पिकायला जवळजवळ पूर्ण वर्ष लागतं, म्हणून गेल्या वर्षीची फळं लाल होत असतात तेव्हा यंदाचा बहर आलेला असतो. हिरवं पान, पांढरं फूल, लाल फळ एकाच फांदीवर, त्यामुळे इटलीत लोक त्यात आपला झेंडा बघतात.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते. पुण्या-मुंबईहून हे वाचत असाल तर कृपा करून हे झाड मागवू नका. त्याला पावसाळी गारवा हिवाळ्यात हवा आणि उन्हाळा कोरडा हवा, आपल्याकडे नेमकं उलटं, चार महिने पाऊस तो पण गरम हवेत, त्यात मुळं कुजतात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला दिसतं ते सिंगापूर चेरीचं झाड, ज्याची लहान गोड लाल फळं आपण लहानपणी वेचून खाल्ली, त्यालाही इंग्रजीत कुठेकुठे स्ट्रॉबेरी ट्री म्हणतात, ते वेगळं झाड आहे आणि तिकडे ते लावा, सुंदर वाढतं.

कुठला प्रकार घ्यायचा

नर्सरीत गेलात की साधारण तीन-चार नावं दिसतील. साधं उनेडो, जे १५ ते २५ फूट होतं आणि छाटलं नाही तर खालपासून झुडपासारखं भरतं. मग 'कॉम्पॅक्टा', हळू वाढतं, सहा ते दहा फुटांवर राहतं, छोट्या बॅकयार्डला किंवा कुंपणाला हेच बरं. 'एल्फिन किंग' त्याहून ठेंगणं, मोठ्या कुंडीत पण राहतं आणि लहानपणीच फळं धरतं, त्यामुळे अपार्टमेंटच्या बाल्कनीत हौस असेल तर हे. गुलाबी फुलं हवी असतील तर 'रुब्रा' शोधा, इंग्लंडमध्ये ते सहज मिळतं.

आणि 'मरीना'. सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दालचिनी रंगाच्या गुळगुळीत खोडाची जी झाडं दिसतात, ज्यांची साल कागदासारखी वळून सुटत असते, ती बहुतेक हीच. नाव तिथल्या मरीना भागावरून पडलं आणि १९८४ पासून ते बाजारात आहे. हे संकरित आहे, २५ ते ४० फूट जातं, फुलं गुलाबी. खोडाच्या देखणेपणासाठी मरीना आणि फळांसाठी उनेडो असा माझा सरळ हिशोब आहे. जागा कमी असेल तर मरीनाच्या मोहात पडू नका, दहा वर्षांनी ते झाड शेजाऱ्याच्या छतावर असेल.

इथल्या, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डोंगरात हायकिंगला जाता तेव्हा लाल खोडाची मॅड्रोनची झाडं दिसतात ना, ती यांची इथली सख्खी बहीण. ती दिसली की वाटतं घरी आणावी, मी पण त्या झाडाला किती वेळा हात लावून उभी राहिलेय, उन्हात सुद्धा खोड गार लागतं. पण मॅड्रोन बागेत रुळायला फार अवघड, मुळांना जरा धक्का लागला की रुसतं. नवीन माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

जागा: इथे घाई केली तर पुढे सगळं वाया

हे मी स्वतः भोगलंय म्हणून जास्त लिहितेय. माझं पहिलं झाड मी लॉनच्या मधोमध लावलं, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिथेच नजर जायची. लॉनला स्प्रिंकलर एक दिवसाआड चालायचे, ते पाणी थेट बुंध्यावर. पहिलं वर्ष झाड छान दिसलं, दुसऱ्या जूनमध्ये शेंड्याची पानं मलूल व्हायला लागली, मला वाटलं उन्हाने तहानलंय म्हणून मी वरून आणखी पाणी घातलं आणि तीन आठवड्यांत अख्खं झाड उभ्याउभ्या तपकिरी झालं. उपटलं तेव्हा मुळं काळी पडलेली, बोटांनी ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा, मातीला कुजकट वास. मुळकूज. पाणी कमी पडलं तरी पानं मलूल होतात आणि जास्त झालं तरी होतात, त्यामुळे पान बघून पाणी द्यायचं नाही, माती बघून द्यायचं, हे मी त्या झाडाच्या जिवावर शिकले.

तर जागा अशी हवी. दिवसाचे निदान सहा तास ऊन. लॉनपासून लांब, स्प्रिंकलरचा फवारा पोचणार नाही अशी. खाली फरशी, ड्राइव्हवे, गाडी नको, कारण पिकलेली फळं टपटप पडतात, पायाखाली चिरडतात आणि डाग पडतात. थंड वाऱ्याचा थेट झोत नको, विशेषतः इंग्लंडमध्ये, तिथे दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या आडोशाला लावा. मोठं झाड उणे दहा अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी सोसतं पण लहान रोप बोचऱ्या वाऱ्याने करपतं, पहिले दोन हिवाळे त्याला बागेचं फ्लीस, म्हणजे थंडीपासून जपणारं पातळ कापड, गुंडाळा. आणि एकदा लावलं की हलवायचं नाही. ही जात मुळं हलवलेली सहन करत नाही, त्यामुळे पुढच्या पाच वर्षांत तिथे डेक करायचा विचार असेल तर तो आत्ताच करून घ्या.

मातीचं म्हणाल तर या घराण्यातल्या बाकीच्यांना आंबट माती लागते, याचं तसं काही नाही, चुनखडीची पण चालते. निचरा मात्र हवाच. आमच्या भागात बहुतेक ठिकाणी चिकणमाती आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात चपलेला दोन किलो चिकटते. निचरा तपासायला एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग परत भरा आणि तासाभराने पट्टी लावून बघा. एक इंच तरी उतरलं असेल तर ठीक. उतरलंच नसेल तर तिथे खड्डा करून लावू नका, सात-आठ इंच उंच आणि चांगला चार-पाच फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. माझं दुसरं झाड अशा उंचवट्यावर आहे, कुंपणाच्या कोपऱ्यात, आणि खिडकीतून ते दिसत नाही याचं मला आता काही वाटत नाही.

रोप निवडताना

मोठं रोप घेतलं की लवकर झाड मिळेल असं वाटतं, पण या झाडाच्या बाबतीत लहान रोप बरं. ५ गॅलनच्या कुंडीतलं घ्या, १ गॅलनचं मिळालं तर ते पण चालेल, तीन-चार वर्षांत ते १५ गॅलनवाल्याला गाठतं कारण त्याची मुळं नव्या जमिनीत पटकन जातात. घेताना नर्सरीवाल्याला विचारून रोप कुंडीतून हळूच अर्धं बाहेर काढून बघा. मुळं पांढरट, मातीत पसरलेली हवीत. कुंडीच्या आतून गोल गोल वेटोळी घातलेली जाड मुळं दिसली तर ठेवून द्या. मला एका नर्सरीने असं वेटोळ्याचं रोप खात्री देऊन विकलं होतं, वरून इतकं हिरवंगार होतं की मी खाली बघितलंच नाही, दोन वर्षं ते तेवढंच राहिलं आणि मग एका वाऱ्यात मुळासकट आडवं झालं, मुळं कुंडीच्याच आकाराची होती अजून.

फळं लागलेलं रोप शक्यतो ऑक्टोबरात बघायला जा, फळ-फूल डोळ्यांनी दिसतं आणि लावायचा मोसमही तोच असतो.

लावायचं कसं

इथे ऑक्टोबर-नोव्हेंबर, पहिल्या पावसाच्या आगेमागे. माती अजून कोमट असते, पुढे सगळा हिवाळा पाऊस मुळांना सांभाळतो आणि उन्हाळा येईपर्यंत झाडाने पाय रोवलेले असतात. इंग्लंडमध्ये जिथे कडक थंडी पडते तिथे एप्रिल-मेमध्ये लावा.

माती फार ओली असताना खणू नका, वाफसा येऊ द्या, नाहीतर चिकणमातीच्या खड्ड्याच्या भिंती फावड्याने लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं बाहेर पडत नाहीत. खड्डा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद पण खोली कुंडीएवढीच, उलट एखादा इंच कमी, कारण झाड नंतर थोडं खचतं. भिंती पहारीने खरबरीत करा. गोफरचा, म्हणजे मुळं कुरतडणाऱ्या बिळातल्या उंदरासारख्या प्राण्याचा, त्रास असेल, आणि बे एरियात डोंगराच्या बाजूला असतोच, तर तारेची जाळीची टोपली खाली बसवा.

खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट, विकतची भारी माती काही भरू नका. मला माहितेय हे आपल्या सवयीच्या उलट आहे, आमच्या घरी आंब्याचा खड्डा भरताना तळाला शेणखत आणि पालापाचोळा घातल्याशिवाय रोप खाली ठेवायचेच नाहीत. पण इथे चिकणमातीत मऊ माती भरली की तो खड्डा पाण्याचा हौद होतो आणि मुळंही त्या मऊ जागेतच फिरत राहतात. जी माती निघाली तीच ढेकळं फोडून परत घाला.

रोप कुंडीतून काढा, कडेची मुळं बोटांनी हलकेच मोकळी करा, फार झाडाझडती नको. बुंधा जिथे रुंद होऊन मुळं सुरू होतात ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे, बुंधा पुरला तर साल कुजते. माती घाला, हाताने दाबा, पायाने तुडवू नका. भोवती आळं करा, पाणी भरा, जिरलं की परत एकदा भरा. मग दोन-तीन इंच जाड लाकडाच्या सालीचं मल्च, म्हणजे आच्छादन, पसरा, पण बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवून. रोप डोलत असेल तर दोन बाजूंना काठ्या ठोकून सैल बांधा आणि वर्षाने त्या काढायला विसरू नका.

पाणी

पहिले काही आठवडे सगळ्यात फसवे असतात. नर्सरीतली माती भुसभुशीत, ती आजूबाजूच्या चिकणमातीपेक्षा फार लवकर वाळते, त्यामुळे बाजूची जमीन ओली असते आणि मुळांचा गोळा आत कोरडा ठक्क. म्हणून पहिल्या सीझनला पाणी बुंध्याजवळच्या त्या गोळ्यावरच सावकाश सोडायचं, बोट तीन इंच आत घालून बघायचं, ओलं लागलं तर नाही घालायचं. पाऊस चालू असेल तर काहीच करायचं नाही.

पहिला उन्हाळा: आठवड्यातून एकदा, पाच ते दहा गॅलन, पाइप अगदी बारीक सोडून अर्धा-पाऊण तास. रोज थोडंथोडं शिंपडायचं नाही. आपल्याकडे रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालणं हा घराचा नियमच असतो, सासूबाई इथे आल्या की त्यांचा हात आपोआप पाइपकडे जातो, आणि मी त्यांना तुळस, मोगरा, कढीपत्ता सगळं देते पण या झाडापाशी मी स्वतः उभी राहते. वरचेवर थोडं पाणी मिळालं की मुळं वरच राहतात, खोल पाणी दिलं की ती खाली जातात.

दुसऱ्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी एकदा, आणि आता पाणी बुंध्यापाशी नाही, फांद्यांची टोकं जिथे येतात त्या घेराखाली. ड्रिप असेल तर ड्रिपर दरवर्षी बाहेर सरकवा, हे जवळजवळ सगळे विसरतात. तिसऱ्या वर्षापासून महिन्यातून एकदा पुरतं, चिकणमातीत त्याहून कमी. पाण्यावर बंधनं आली की लोकांची लॉन पिवळी पडतात, हे झाड तसंच हिरवं राहतं.

कुंडीत असेल तर हे सगळे हिशोब बाद, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी बघावंच लागतं.

खत, छाटणी

खत जवळजवळ नाहीच. मल्च कुजतं तेच त्याचं जेवण. कुंडीतल्याला मार्चमध्ये थोडं सावकाश विरघळणारं खत द्या.

छाटणी पण अगदी कमी, वाळलेली, मोडलेली, एकमेकांवर घासणारी फांदी तेवढी. झुडूप न ठेवता झाड करायचं असेल तर दोन-तीन चांगले बुंधे ठेवून खालच्या फांद्या दरवर्षी एक-दोन अशा काढत जा, एकदम नाही. वेळ वसंत संपतानाची, थंडी गेल्यावर. पण लक्षात घ्या, तेव्हा फांदीवर पुढच्या दिवाळीची फळं हिरव्या मोहरीसारखी बसलेली असतात, फांदी कापली की ती पण गेली. म्हणून कात्री चालवायच्या आधी जवळ जाऊन बघा. कुंपणासारखं चौकोनी कापायची हौस असेल तर दुसरं झाड लावा, याचं सौंदर्य त्याच्या वेड्यावाकड्या खोडात आहे.

घाबरायचं कधी आणि कधी नाही

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आतली जुनी पानं पिवळी-लाल होऊन गळतात, दरवर्षी मला कोणी ना कोणी फोटो पाठवतं की झाड मेलं. नाही मेलं, सदाहरित झाडाची पानं पण म्हातारी होतात. नवी पालवी शेंड्याला आहे का ते बघा, असेल तर निवांत राहा. साल सोलली जाते ते पण नैसर्गिक, ओढून काढू नका.

ओल्या हिवाळ्यानंतर पानांवर जांभळट-तपकिरी ठिपके येतात ती बुरशी. खाली पडलेली पानं झाडून उचला, वरून पाणी मारू नका, एवढ्याने भागतं, मी आजवर एकदाही औषध फवारलं नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, पानांच्या मागे खवले कीड येते, त्यांच्या चिकट पाण्यावर काजळी धरते आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या दिसल्या की समजायचं वर काहीतरी आहे. पाइपच्या जोरदार धारेने मावा जातो, खवले थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने घासून काढा. खरी घाबरायची गोष्ट एकच, पूर्ण झाड एकदम मलूल आणि खालची माती ओली. तेव्हा पाणी लगेच बंद, मल्च बाजूला सारा, बुंधा उघडा करा. वाचलं तर नशीब.

फुलं, फळं आणि खाणं

फुलायला लागलं की सकाळी चहा घेऊन झाडापाशी जा. थंडीत बाकी बागेत काही नसतं तेव्हा मधमाश्या इथे घुमत असतात, आणि हमिंगबर्ड येतो, मडक्यासारख्या त्या फुलात चोच घालून हवेत थांबतो, पंखांचा भुर्रर्र आवाज हातभरावरून ऐकू येतो. सार्डिनियात या फुलांचा मध काढतात, तो चक्क कडू असतो.

फळ पिवळं, मग नारिंगी, मग गडद लाल होतं, सगळी एकदम पिकत नाहीत. एक सेंटीमीटरपासून दोन-अडीचपर्यंत, वरून लिचीसारखं खरखरीत. पिवळं तोडून खाल्लंत तर तोंड तुरट होईल आणि तुम्ही मला बोल लावाल. गडद लाल झालेल्या फळाला नुसता हात लावायचा, पिकलं असेल तर ते आपणहून तळहातात येतं, ओढावं लागलं तर अजून दोन दिवस थांबा. आतला गर केशरी, चिकूसारखा रवाळ, गोडी मंद. उनेडो या नावाचा अर्थ प्लिनी या रोमन लेखकाने 'मी एकच खातो' असा लावला होता, आणि अनेकांना एकातच पुरे होतं. मला मात्र आवडतं. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने दोन वाट्या फळं जरा वेळ शिजवली, पुरणाच्या चाळणीतून गर गाळला म्हणजे दाणेदार बिया वर राहिल्या, त्यात साखर आणि लिंबू घालून आटवलं आणि पोळीशी खायला दिलं, मुलांनी दोन दिवसांत बाटली संपवली. फळं फ्रीजमध्ये फार टिकत नाहीत, तोडली की दोन दिवसांत संपवा, आंबूस वास आलेली नको, ती आतून आंबायला लागलेली असतात. पोर्तुगालच्या दक्षिणेला मोंशिकच्या डोंगरात याच गुणावर मेद्रोन्यो नावाची दारू गाळतात.

वरच्या फांद्यांवरची फळं मी पक्ष्यांना सोडते.

दुसरं झाड करायचं असेल तर

पिकल्या फळाचा गर धुऊन बिया काढा, ओल्या वाळूत मिसळून पिशवीत घालून दोन महिने फ्रीजमध्ये ठेवा, मग ट्रेमध्ये वरच्यावर पेरा. उगवायला वेळ लागतो आणि बियांच्या झाडाला फळ धरायला बरीच वर्षं. फांद्यांची छाट कलमं ऑगस्ट-सप्टेंबरात लावता येतात, मुळं फुटायची पावडर लावून परलाइटमध्ये, म्हणजे नर्सरीत मिळणाऱ्या हलक्या पांढऱ्या खड्यांमध्ये, पण बरीचशी वाळतात, दहा लावली आणि दोन जगली तरी खूश व्हा. सगळ्यात भरवशाचं दाब कलम. खालची लवचिक फांदी वाकवून तिला खालून छोटा छेद द्या, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवा आणि विसरून जा. वर्ष-दोन वर्षं लागतात. माझ्या झाडाखाली आत्ता अशी एक फांदी दगडाखाली आहे, गेल्या महिन्यात हळूच माती बाजूला करून बघितलं तर छेदापाशी पांढरं टोक दिसलं, परत माती सारून ठेवली.